स्कोपचा झिरो टिकत नाही? टरेटला हात लावण्याआधी एवढं तपासा

सांगली-मिरज भागात स्प्रिंगच्या एअर रायफलवर स्कोप चढवलेल्या माणसाची वर्षभर एकच तक्रार असते: "दादा, रविवारी बसवलेला झिरो आज जाग्यावर नाही." झिरो म्हणजे नेम धरला तिथंच छर्रा लागेल अशी स्कोपची जुळणी. रेंजवर दुरुस्तीचं टेबल माझ्याकडं असल्यामुळं ती बंदूक फिरून माझ्यासमोर येते. तोवर टरेटची (वर-खाली, डावं-उजवं जुळवायला स्कोपवर असलेल्या, क्लिक-क्लिक फिरणाऱ्या चकत्यांची) टोपणं गायब असतात आणि मालकानं घरीच पन्नासेक क्लिक इकडंतिकडं फिरवलेले असतात. मग मूळ दोष कुठला आणि फिरवाफिरवीनं झालेला कुठला, हे वेगळं करण्यातच अर्धी सकाळ जाते. म्हणून आधी टोपणं लावा. झिरो हलण्याची बहुतेक कारणं स्कोपच्या बाहेर असतात, आणि त्यातली बरीचशी फुकटात किंवा एका ॲलन कीनं सापडतात.

इथलं सगळं ४.५ मिमी बोअरच्या, नळी मोडून (सांध्यात खाली वाकवून) कॉक करायच्या स्प्रिंग किंवा गॅस रॅम (स्प्रिंगऐवजी दाबलेल्या गॅसवर चालणाऱ्या) रायफलीबद्दल आहे. अंतर १० ते २५ मीटर. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी संघटनेच्या) १० मीटर एअर रायफल स्पर्धेत स्कोप चालत नाही, तिथं पीप साइट (बारीक भोकातून बघायची) असते. पण स्टॉकचे (बंदुकीच्या लाकडाचे) स्क्रू आणि छर्रे यांबद्दलचं त्या मुलांनाही लागू आहे.

लक्षणं

टेकूवरून, एकाच बिंदूवर, पाच शॉट मारा. टरेट फिरवू नका. थोडं थांबून दुसऱ्या कागदावर आणखी पाच मारा. एका शॉटवरून काहीच कळत नाही. एक शॉट बघून क्लिक फिरवणारा माणूस संध्याकाळपर्यंत छर्ऱ्याच्या मागं पळत राहतो. दोन्ही कागद शेजारी ठेवून बघा, यातलं काय दिसतं:

– ग्रुप (पाच भोकांचा पुंजका) घट्ट आहे, पण दर वेळी वेगळ्या जागी पडतो. माउंट (स्कोप बंदुकीवर धरणारी पकड) सरकतोय, नाहीतर टेकू किंवा गालाची जागा बदलतेय.
– भोकांची उभी माळ लागते. छर्ऱ्याचा वेग कमीजास्त होतोय: तेल, सील, छर्रे. स्टॉकचे स्क्रू ढिले असले तरीही असंच दिसतं.
– भोकं आडवी पसरतात. नळीच्या सांध्यात खेळ आहे, बंदूक कलतेय किंवा ट्रिगर बाजूला ओढला जातोय. उघड्या रेंजवर २५ मीटरला वाराही असतो.
– एकाच कागदावर दोन वेगळे ग्रुप पडतात. काहीतरी दोन जागी बसतंय: नळी, माउंट, नाहीतर स्कोपच्या आतली नळी.
– क्लिक फिरवले तरी काही होत नाही, आणि दोन-चार शॉटनंतर ग्रुप एकदम उडी मारतो. इथं स्कोपवर संशय रास्त आहे.
– वरचं टरेट संपलं तरी छर्रा खालीच लागतो. नळी खाली झुकलेली आहे.
– १० मीटरला अचूक, २५ ला चुकतो. हा बहुतेक वेळा बिघाडच नसतो.

शेवटचं आधी निकालात काढू, कारण त्यावर सगळ्यांत जास्त भांडणं होतात. स्कोप नळीच्या मध्यापेक्षा साधारण ४५ मिमी उंच बसलेला असतो. छर्रा खालून वर चढत नजरेची रेषा कापतो आणि पुढं कुठंतरी परत खाली येतो. १० मीटरला झिरो केलेली, सेकंदाला २५० मीटर वेगाची बंदूक हिशेबानं २५ मीटरला तीनेक सेंटीमीटर वर मारते. १८० च्या आसपास वेग असेल तर जवळपास तिथंच लागतं. त्याहून मंद असेल तर खाली. त्यामुळं शेजारच्याची बंदूक २५ ला बरोबर लागते म्हणून आपली बिघडली, असं होत नाही. ज्या अंतरावर जास्त मारणार, त्याच अंतरावर झिरो करा. बाकीच्या अंतरांना किती वर-खाली धरायचं ते कागदावर मारून लिहून ठेवा.

हात लावण्याआधी

नळीत छर्रा नाही आणि बंदूक कॉक केलेली नाही, याची खात्री करूनच पाना उचला. तोंड कायम बॅकस्टॉपकडं, म्हणजे छर्रे अडवणाऱ्या आडोशाकडं. नळी मोडलेली असताना छर्रा भरेपर्यंत एका हातानं नळी धरूनच ठेवायची; ट्रिगरची पकड सुटली तर नळी झटक्यात मिटते आणि बोट मध्ये असेल तर ते जातं. तपासायचं म्हणून छर्ऱ्याशिवाय बंदूक झाडू नका. पुढं हवेची गादी तयार होत नाही, पिस्टन थेट आदळतो, आणि सील-स्प्रिंग दोन्हींचं आयुष्य कमी होतं.

१. टेकू आणि पकड (खर्च शून्य)

स्प्रिंगची बंदूक दोन धक्के देते. ट्रिगर सुटला की जड पिस्टन पुढं धावतो, त्यामुळं बंदूक मागं येते. मग पिस्टन दाबलेल्या हवेवर आदळून थांबतो आणि बंदूक पुढं झटका खाते. हे सगळं छर्रा अजून नळीत असतानाच सुरू झालेलं असतं. म्हणजे बंदूक कशी उसळते, त्यावर छर्रा कुठं जाणार हे ठरतं. फोरआर्म (स्टॉकचा पुढचा भाग) लाकडी फळीवर टेकवला की बंदूक एका तऱ्हेनं उसळते, वाळूच्या पिशवीवर दुसऱ्या, तळहातावर तिसऱ्या. घरी गच्चीच्या कठड्यावर टेकवून झिरो करायचा आणि रेंजवर हातात धरून मारायचं, तर दोन झिरो निघणारच.

फोरआर्म उघड्या तळहातावर ठेवा, बोटांनी आवळू नका. खांद्याला फक्त लागलेली असू द्या, ओढून धरू नका. तळहात रोज त्याच जागी हवा, त्यासाठी स्टॉकवर खडूची बारीक खूण करा. टेकू लागलाच तर पिशवीवर हात आणि हातावर बंदूक. यानंतरही ग्रुप फिरत असेल तर तीच बंदूक, तेच छर्रे दुसऱ्या सवयीच्या नेमबाजाच्या हातात द्या. त्याचा ग्रुप जाग्यावर राहिला तर बंदुकीला काही झालेलं नाही. हे ऐकायला कुणाला आवडत नाही, पण पाना काढण्याआधी ही शंका फिटलेली बरी.

२. क्लिकचा हिशेब

"चार क्लिक दिले, काहीच हललं नाही, टरेट गेलं." रोजचं वाक्य आहे. बहुतेक स्कोपवर एक क्लिक पाव एमओए असतो (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग). १०० मीटरला तो सुमारे ७.३ मिमी होतो, ५० ला ३.६, २५ ला १.८ आणि १० मीटरला जेमतेम ०.७३. म्हणजे १० मीटरवर चार क्लिक दिले तर भोक तीन मिमीसुद्धा सरकत नाही आणि छर्रा स्वतःच साडेचार मिमीचा. एका छर्ऱ्याच्या रुंदीएवढं सरकायला तिथं सहा क्लिक लागतात. टरेटवर ०.१ मिल (कोनाचंच दुसरं माप) लिहिलं असेल तर हिशेब सोपा: १० मीटरला एक क्लिक, एक मिमी.

ग्रुपचा मध्य काढा, बिंदूपासूनचं अंतर पट्टीनं मोजा, भागाकार करा आणि तेवढे क्लिक एकदम द्या. मग दोन-तीन शॉट मारून सोडून द्या, म्हणजे आतली यंत्रणा धक्क्यानं बसते. पुढचे पाच शॉट मोजायचे. टरेटवरचा बाण छर्रा कुठं सरकवायचा ते सांगतो, क्रॉसहेअर (स्कोपमधली नेमाची फुली) कुठं न्यायचा ते नाही. हा घोळ झालेला असेल तर ग्रुप दुप्पट लांब जातो, त्यावरून ओळखता येतं.

३. स्क्रू

क्रम महत्त्वाचा: आधी स्टॉकचे, मग माउंट जिथं बंदुकीला धरतो ते, सगळ्यात शेवटी स्कोपभोवतीच्या रिंगांचे. बहुतेक माणसं उलट्या टोकानं सुरुवात करतात, कारण रिंगांचे स्क्रू डोळ्यांसमोर असतात.

फोरआर्मचे दोन बाजूंचे आणि ट्रिगर गार्डचे स्क्रू ढिले झाले की बंदूक लाकडात हलते आणि प्रत्येक शॉटला वेगळी बसते. आपल्याकडं हा त्रास ऋतूप्रमाणं येतो. पावसाळ्यात कृष्णाकाठच्या दमट हवेत लाकूड फुगतं, स्क्रू घट्ट वाटतात. मार्च-एप्रिलला ऊन तापलं की तेच लाकूड आटतं आणि स्क्रू आपोआप ढिले पडतात. बंदुकीला कुणी हात लावलेला नसतो, म्हणून संशय स्कोपवर जातो. साताऱ्याहून, महाबळेश्वरकडच्या पावसातून येणाऱ्या बंदुकांत हा फरक आणखी ठळक दिसतो.

स्क्रू काढून त्याचे आणि भोकाचे आटे स्पिरिटनं पुसा, कोरडे करा, निळं लॉकटाइट (आटे धरून ठेवणारा द्रव) थेंबभर लावा आणि आवळा. लाल लावू नका, ते सोडवायला तापवावं लागतं. फेविक्विक तर अजिबात नको. त्यानं बसलेला स्क्रू काढायला डोकं ड्रिल करावं लागतं, आणि ते काम माझ्याकडंच येतं. माउंट बसतो ती खाच तेलकट असेल तर तीही पुसून कोरडी करा. तेलाच्या थरावर कितीही आवळलं तरी माउंट घसरतोच.

रिंगांचे स्क्रू तिरपे-तिरपे, थोडेथोडे आवळा. दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या राहिल्या पाहिजेत. जोर साधारण दोन न्यूटन-मीटरचा. टॉर्क पाना नसेल तर ॲलन कीचा लांब भाग स्क्रूत घाला आणि आखूड भाग दोन बोटांत धरून जेवढं आवळेल तेवढंच आवळा. जास्त आवळलं की स्कोपची नळी चेपते आणि आतली यंत्रणा अडकायला लागते. मग पाचव्या लक्षणातला 'खराब स्कोप' आपणच तयार केलेला असतो.

सगळं बसल्यावर प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून खालच्या धातूवर नेलपॉलिशची बारीक रेघ ओढा. तशीच एक रेघ रिंगेच्या मागच्या कडेला स्कोपच्या नळीवर आणि एक माउंटच्या मागं खाचेवर. पुढच्या वेळी झिरो हलला तर आधी या रेघा बघायच्या. रेघ मोडली असेल तर दोष तिथंच आहे, बाकी काही उघडायची गरज नाही.

४. छर्रे, नळी आणि तेल

एक नवा डबा आणि दुसऱ्या प्रकारचे छर्रे एवढंही ग्रुप हलवायला पुरतं. सपाट तोंडाचे १० मीटरला कागदावर स्वच्छ भोक पाडतात. २५ ला गोल डोक्याचे सहसा जास्त घट्ट बसतात. डबा खिशात खुळखुळत फिरवला की छर्ऱ्यांची मागची पातळ कड दुमडते. असे निवडून बाजूला काढा. छर्रे शिशाचे असतात, हात धुतल्याशिवाय वडापाव खाऊ नका.

नळीतून कापडाची कोरडी चिंधी किंवा फेल्टची गोळी ओढून काढा. साफ केल्यावर पहिले काही शॉट इकडंतिकडं जातील, तेवढं थांबून मग ग्रुप बघा.

तेल मात्र मोठंच प्रकरण आहे. आवाज जरा कोरडा आला की लोक हवेच्या छिद्रात शिवणयंत्राचं तेल सोडतात. गावाकडून आलेल्या काही बंदुकांत खोबरेल तेलही निघतं. पिस्टन हवा इतक्या झपाट्यानं दाबतो की ती भयंकर तापते आणि तेल पेट घेतं. मोठा आवाज, तोंडाशी धूर, जळका वास, आणि प्रत्येक शॉटचा वेग वेगळा. हीच ती उभी माळ. तो जादा धक्का स्कोपलाही बसतो आणि सील जळतं. खोबरेल थंडीत गोठतं, म्हणून डिसेंबरच्या सकाळी एक झिरो आणि दुपारी दुसरा. तेल गेलंच असेल तर जड छर्रे मारत धूर थांबेपर्यंत वाट बघा. थांबत नसेल तर उघडून साफ करावं लागतं, आणि ते घरचं काम नाही.

मे महिन्यात बंदूक बंद गाडीच्या डिकीतून काढून लगेच मारायला बसू नका. अर्धा तास सावलीत ठेवा.

५. स्कोप काढून मारा

बंदुकीवर मूळची उघडी साइट असेल तर ही सगळ्यात उपयोगी फुकट तपासणी. स्कोप उतरवा, १० मीटरला उघड्या साइटनं पाच-पाचचे दोन ग्रुप मारा. ग्रुप स्कोपपेक्षा थोडा मोठा येईल, ते सोडा. त्याची जागा बघा. दोन्ही कागदांवर जागा एकच राहिली तर बंदूक, नळी, छर्रे, माणूस सगळे सुटले. दोष माउंटमध्ये किंवा स्कोपमध्ये. जागा तिथंही फिरली तर स्कोपच्या तपासण्या सोडा आणि थेट नळीकडं, म्हणजे ९ व्या मुद्द्याकडं जा.

६. पॅरॅलॅक्स

नव्या स्कोपवाल्यांच्या 'फिरत्या झिरो'चं मला सापडणारं सगळ्यात मोठं कारण हेच. मोठ्या रायफलींसाठीचे साधे स्कोप साधारण १०० यार्डांना, म्हणजे ९१ मीटरला पॅरॅलॅक्स बसवून येतात. १० मीटरवर टारगेटची प्रतिमा आणि क्रॉसहेअर आत एका पातळीवर पडत नाहीत. डोळा मध्यावरून जरा हलला की क्रॉसहेअर टारगेटवर सरकतो, बंदूक हललेली नसताना.

किती? ४० मिमी भिंगाच्या स्कोपमध्ये डोळा अगदी कडेला गेला तर १० मीटरवर सुमारे १८ मिमी. एवढ्या कडेला कुणी बघत नाही, पण त्याच्या पाव भागानंसुद्धा चार-साडेचार मिमीचा फरक पडतो आणि तो रोज वेगळा पडतो, कारण गाल रोज वेगळा टेकतो.

तपासायला बंदूक वाळूच्या पिशव्यांवर घट्ट बसवा, बिंदूवर नेम लावा, हात काढा. स्पर्श न करता स्कोपमधून बघत डोकं वर-खाली, डावी-उजवीकडं हलवा. क्रॉसहेअर बिंदूवरून सरकला तर पॅरॅलॅक्स आहे.

पुढच्या भिंगाला किंवा बाजूला पॅरॅलॅक्सची फिरती रिंग असेल तर ती अंतराला जुळवा. रिंगेवरच्या आकड्यांवर फार विश्वास ठेवू नका, डोकं हलवूनच जुळवा आणि त्या जागी खूण करा. रिंग १० यार्डांपर्यंत खाली येत नसेल किंवा रिंगच नसेल तर पुढच्या भिंगाला पुठ्ठ्याचं झाकण करा आणि बरोबर मध्यावर १० मिमीचं भोक पाडा. तो १८ मिमीचा कमाल फरक साडेचारवर येतो. चित्र काळपट दिसेल, उजेडाच्या वेळी चालतं. त्याच्या जोडीला गालाची जागा कायम ठेवायला स्टॉकवर चामड्याची किंवा फोमची पट्टी बांधा. नवा स्कोप घ्यायच्या गोष्टी करणारे बरेच जण या पुठ्ठ्यावर सुखात आहेत.

७. ओळंबा

२५ मीटरला गवंड्याचा ओळंबा टांगा, पांढऱ्या दोरीचा. नेहमीसारखी बंदूक धरा आणि उभा क्रॉसहेअर दोरीशी जुळतो का बघा. स्कोप रिंगांमध्ये तिरका बसला असेल तर लोक नकळत बंदूक कलवून क्रॉसहेअर सरळ करतात. पाच अंश कललेली वेगवान बंदूक १० मीटरला एक मिमीही चुकत नाही, पण २५ ला सात-आठ मिमी कललेल्या बाजूला जाते. "जवळ बरोबर, लांब उजवीकडं" याचं कारण बहुधा हेच. रिंगा सैल करून स्कोप फिरवा, परत आवळा, नवी रेघ ओढा.

८. माउंट सरकणं आणि नळीचा झुकाव

एसटीनं झटक्यात क्लच सोडला की उभा प्रवासी मागं जातो; बंदुकीनं पुढं झटका खाल्ला की स्कोपही तसाच मागं राहतो. म्हणून स्प्रिंगच्या बंदुकीवर माउंट कायम मागं सरकतो. नेलपॉलिशची रेघ ते दाखवतेच. कधीकधी माउंट जाग्यावर असतो आणि स्कोपची नळी रिंगांतून मागं येते.

फक्त जास्त आवळून हे थांबत नाही. बंदुकीवर मागच्या बाजूला छोटं भोक किंवा आडवी खाच असेल तर स्टॉप पिन असलेला माउंट घ्या आणि पिन त्या भोकात नीट उतरवून मगच आवळा. पिन अर्धवट बसली तर माउंट तिरका होतो. दोन सुट्या रिंगांपेक्षा एकसंध माउंट जास्त पकडतो. भोक नसेल तर माउंटच्या मागं अडणारी वेगळी पट्टी बसवायची. कुपवाड एमआयडीसीत लेथवर असा छोटा तुकडा करून मिळतो, पण बंदुकीच्या नळकांड्याला नवं भोक पाडू नका. आत पिस्टन चालतो. खाच ११ मिमीची आहे की पिकाटिनी (रुंद, आडव्या खाचांची पट्टी), हेही बघून घ्या. चुकीचा माउंट आवळला जातो, पण फक्त कडेवर धरतो.

झुकाव ही वेगळी गोष्ट. मोडत्या नळीच्या बऱ्याच बंदुकांत नळी नळकांड्याच्या रेषेपेक्षा किंचित खाली बघते. उघड्या साइटला त्याचा त्रास नाही, कारण साइट नळीवरच असते. स्कोप मात्र वरच्या टोकापर्यंत फिरवावा लागतो. टरेट तिथं पोचलं की आतल्या नळीला खालून रेटणारी स्प्रिंग जवळपास पूर्ण सैल झालेली असते. प्रत्येक धक्क्याला ती नळी वेगळी बसते आणि झिरो भटकतो. म्हणून टरेट टोकाजवळ असणं हाच दोष समजा, भले आज तो झिरोवर असो.

टरेट अलगद एका टोकाला न्या, तिथून दुसऱ्या टोकापर्यंत क्लिक मोजा, निम्मे परत या. असं दोन्ही टरेटना मध्यावर आणा आणि पाच शॉट मारा. ग्रुप खूप खाली असेल तर मागच्या रिंगेच्या तळाशी, स्कोपच्या नळीखाली कोल्ड्रिंकच्या कॅनची पट्टी घाला. ती साधारण ०.१ मिमी जाड असते. रिंगांमध्ये १०० मिमी अंतर असेल तर १० मीटरवर ग्रुप एक सेंटीमीटर वर येतो, म्हणजे चौदाएक क्लिक वाचले. दोन-तीन पट्ट्यांच्या पुढं जाऊ नका, स्कोप वाकतो. तेवढ्यानं भागत नसेल तर झुकावासाठीचा उतरता माउंट घ्या. नळी गुडघ्यावर घेऊन वाकवायचा सल्ला देणारे भेटतील. त्यांची स्वतःची बंदूक कुठं लागते, ते आधी विचारा.

९. नळीचा सांधा

कॉक न केलेली, रिकामी बंदूक. एका हातानं नळकांडं, दुसऱ्यानं नळीचं तोंड धरून डावी-उजवीकडं हलवा. खटखट जाणवली तर सांध्याचा बोल्ट ढिला आहे. काही बंदुकांत त्याला छोटा लॉक स्क्रू असतो. तो सोडून बोल्ट किंचित आवळायचा. नळी मोडून सोडल्यावर ती स्वतःच्या वजनानं धपकन पडू नये आणि अडकूही नये, एवढाच. साधी पिन असेल तर हे घरी होत नाही.

सील बघायला नळी मिटते त्या सांध्यावर टिश्यू पेपरची चिंचोळी पट्टी ठेवा आणि छर्रा भरून बॅकस्टॉपवर मारा. पट्टी उडाली तर हवा गळतेय. ब्रीच सील स्वस्त असतं आणि टाचणीनं उचकून बदलता येतं.

१०. आता स्कोप

इथपर्यंत सगळं ठीक निघालं तरच. १० मीटरला एका बिंदूवर नेम कायम ठेवून पाच शॉट मारा. मग ४० क्लिक वर, पाच शॉट. ४० उजवीकडं, पाच. ४० खाली, पाच. ४० डावीकडं, पाच. पाव एमओएच्या स्कोपवर सुमारे २९ मिमी बाजूचा चौकोन उमटला पाहिजे आणि शेवटचा ग्रुप पहिल्यावर बसला पाहिजे. चौकोन कललेला असेल तर ओळंब्याकडं परत जा. शेवटचा ग्रुप घरी आला नाही तर स्कोप गेला.

दुसऱ्या बंदुकीवर नीट चालणारा स्कोप उसना मिळाला तर निकाल आणखी लवकर लागतो, फक्त तो स्प्रिंगच्या बंदुकीवरचाच हवा. बंदुकीच्या गोळीचा धक्का सोसणारा भारी स्कोपही इथं मोडतो, कारण पुढं बसणारा उलटा झटका त्याच्या हिशेबात नसतो.

कुठं थांबायचं

नळकांडं उघडायचं नाही. आत स्प्रिंग दाबूनच बसवलेली असते, बंदूक कॉक नसतानाही. स्प्रिंग कॉम्प्रेसरशिवाय (स्प्रिंग दाबून धरणाऱ्या शिकंजाशिवाय) मागचं टोक सोडलं तर ते तोंडावर येतं. गॅस रॅमलाही तेच.

कॉक झालेली बंदूक सुटत नसेल, किंवा नळी मिटताना आपोआप सुटत असेल, तर ट्रिगरचा कुठलाही स्क्रू फिरवू नका. तोंड बॅकस्टॉपकडं ठेवा आणि रेंजवरच्या जबाबदार माणसाला बोलवा. त्या अवस्थेत ती गाडीत घालून आणायची नाही.

स्कोपच्या आत धुकं दिसत असेल, हलवल्यावर खुळखुळ येत असेल, टरेट घट्ट बसलं असेल तर तो उघडू नका. चांगल्या स्कोपमध्ये नायट्रोजन किंवा आर्गन भरलेला असतो. घरी उघडल्यावर पुढच्या पावसाळ्यात आत बुरशी धरते.

पीसीपीचा (टाकीत आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या बंदुकीचा) झिरो हलत असेल तर आधी गेज बघा, टाकीतला दाब उतरला की छर्रा सरकतो. गळती असेल तर हात लावू नका, आत २०० बारच्या आसपास दाब असतो.

परवान्याच्या बंदुकीचं काम फक्त परवानाधारक शस्त्रदुरुस्तीवाल्याकडं, परवाना सोबत घेऊन. आणि 'जरा कडक स्प्रिंग टाकतो' म्हणणाऱ्याला नाही म्हणा: छर्ऱ्याच्या तोंडाशी असलेल्या ऊर्जेची २० ज्यूलची मर्यादा ओलांडली की तुमची विनापरवाना एअर रायफल परवान्याच्या कक्षेत जाते.

रायफल दुरुस्तीला स्वतः न्या, केसमध्ये घालून, खरेदीची पावती आणि ओळखपत्रासह. स्कोप कुरिअरनं पाठवणार असाल तर रिंगा काढून घ्या, रेटिकलची (क्रॉसहेअरच्या दिव्याची) बॅटरी काढा, दोन्ही टरेट मध्यावर आणा आणि चौकोनाच्या चाचणीचा कागद पेटीत घाला. त्यावर अंतर, छर्रा आणि किती क्लिक दिले ते लिहा. कागद नसेल तर "आम्हाला काही दोष आढळला नाही" अशी चिठ्ठी लावून स्कोप परत येण्याची शक्यता जास्त.